‘म्हणून’ म्हणण्याआधी थांबू या



टीबीच्या रुग्णांच्या घरी आम्ही भेटी देत होतो, तेव्हाची गोष्ट. एका माउलीने दारातच सांगितले, “सिस्टर, पोराला रक्ताची लघवी होत होती. गोळ्या लय कडक आहेत. म्हणून बंद केल्या.” पोरगा नाक्यावर मजुरी करणारा. तीन आठवडे गोळ्या घेतल्या आणि अकरा दिवसांपासून सोडल्या होत्या. शेजारणींनीही ‘रक्तच आहे’ म्हटले होते.

माउलीचे बोलणे आपण तांदूळ निवडतो तसे निवडून पाहू.

‘लघवी लाल-नारिंगी दिसत होती’ ही वस्तुस्थिती. कोणीही पाहिले असते तरी तेच दिसले असते.

‘गोळ्या लय कडक आहेत’ हे मत. एकाला कडक वाटतील, दुसऱ्याला नाही.

‘ते रक्त आहे’ हा अंदाज. तो खरा की खोटा हे लघवी तपासून कळते. पण कोणी तपासलेच नव्हते. चार जणींनी सांगितले म्हणून अंदाजाची वस्तुस्थिती होत नाही.

‘म्हणून गोळ्या बंद केल्या’ हा निष्कर्ष. कारण आणि निष्कर्ष जोडले की युक्तिवाद होतो. बोलण्यात ‘कारण’, ‘म्हणून’, ‘म्हणजे’, ‘त्यामुळे’ हे शब्द आले की तिथे थांबावे आणि दोन प्रश्न विचारावेत. दिलेले कारण खरे आहे का? आणि खरे असले तरी त्यातून हाच निष्कर्ष निघतो का, की दुसरेही काही कारण असू शकते?

इथे दुसरे कारण होते. टीबीच्या औषधांत रिफाम्पिसिन नावाचे औषध असते. त्याचा रंगच लाल. ते लघवीवाटे बाहेर पडते, म्हणून लघवी नारिंगी-लाल होते. घाम आणि डोळ्यांतले पाणीही तसे दिसू शकते. याने अपाय होत नाही. मात्र गोळ्या चालू असताना डोळे पिवळे झाले, उलट्या थांबत नसल्या किंवा भूक मेली, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. टीबीच्या गोळ्या चालू नसताना लघवी लाल झाली, तर तीही तपासून घ्यावी.

चूक माउलीची नव्हती. गोळ्या देताना आम्ही वेळ सांगितली, खाणे सांगितले, रंगाचे सांगायचे राहून गेले. ती जे डोळ्यांनी पाहत होती, त्याचा खुलासा आमच्याकडून मिळाला नाही, म्हणून तो शेजारून आला. पोराला दवाखान्यात नेले, डॉक्टरांनी तपासून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. त्याने उपचार पूर्ण केले. पण मधल्या अकरा दिवसांत त्याच्या खोलीत आणखी पाच माणसे झोपत होती, हे आम्ही विसरलेलो नाही.

आता वस्तीत नेहमी ऐकू येणारी तीन वाक्ये. उत्तर वाचण्याआधी घरात सर्वांनी मिळून विचार करावा.

१. “महिन्यात खोकला थांबला, वजन वाढले, म्हणजे टीबी गेला.”
२. “बापाला होता, मग पोराला झाला. म्हणजे हा रोग रक्तातूनच येतो.”
३. “सरकारी गोळ्या हलक्या असतात.”

पहिला युक्तिवाद आहे. कारणे खरी, निष्कर्ष चुकीचा. औषधाने बरेचसे जंतू लवकर मरतात, म्हणून बरे वाटते; पण चिवट जंतू मागे राहतात. म्हणून उपचार सहसा सहा महिन्यांचा असतो: दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. मध्येच सोडले तर रोग उलटतो आणि जंतू औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.

दुसराही युक्तिवादच. दोघांना झाला हे खरे, पण दुसरे कारण समोरच आहे. बाप-लेक एकाच बंद खोलीत राहतात आणि टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. म्हणून घरात एकाला निघाला की सर्वांनी तपासून घ्यावे. खिडकी उघडी ठेवावी.

तिसऱ्यात कारणच दिलेले नाही. तो नुसता दावा आहे. सांगणाऱ्याला विचारावे, “कशावरून?” उत्तर मिळेपर्यंत औषध सोडू नये.

तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना हेच शिकवले: परंपरा आहे म्हणून, ऐकीव आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून स्वीकारू नका. यात आम्ही नर्स आणि डॉक्टरही आलो. गोळी हातात देणाऱ्याला विचारा, “ही कशासाठी? किती दिवस? घेतल्यावर काय दिसेल?” कोणी वैतागले तरी विचारा. तो तुमचा हक्क आहे. आणि गोळी बंद करावीशी वाटली, तर बंद करण्याआधी विचारायला या.