फायलींची रांग : ग्रंथ उतरवून घेण्याची एक शिस्त



इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेत संगणकाविषयी लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्रंथ वाचकापर्यंत कसा पोहोचतो, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर २३ वर्षांनी, १९७९ मध्ये, महाराष्ट्र शासनाने त्यांच्या इंग्रजी लेखन व भाषणांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वसंत मून यांनी संपादक म्हणून हे काम नेटाने पुढे नेले. आज यातील अनेक खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ग्रंथ खुला झाला. आता प्रश्न उरतो तो उतरवून घेण्याचा.

काही वर्षांपूर्वी वसतिगृहाच्या वाचनालयातील संगणकावर हे खंड ठेवावेत, असे मी ठरविले. घोडबंदर रोडवरील माझ्या घरी रात्री ब्राउझर उघडला, एकेका खंडावर टिचकी मारली आणि सारे खंड एकदम उतरवायला लावून झोपी गेलो. पहाटे केव्हातरी इंटरनेटची जोडणी तुटली. सकाळी घाईने सर्व फायली पेनड्राइव्हवर घेऊन शाळेत आलो. मुले भोवती जमली. पण एकही खंड उघडेना. नववीतील एका मुलीने विचारले, “सर, पुस्तक तुटलं का?” मजजवळ उत्तर नव्हते.

चूक माझ्या पद्धतीत होती. गायमुखच्या चढावर सर्व गाड्या एकदम घुसल्या की एकही पुढे सरकत नाही, हे आपण रोज पाहतो. फायलींचेही तसेच आहे. सर्व फायली एकाच वेळी मागविल्या की जोडणीची गती सर्वांत वाटली जाते. मध्येच खंड पडला की सर्वच अर्धवट राहतात. याउलट, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखो माणसे रांगेने पुढे जातात आणि प्रत्येकाची पाळी येते. फायलींनाही अशीच रांग लावता येते.

यासाठी लिनक्स संगणकावर बहुधा आधीच असलेला ‘डब्ल्यूगेट’ हा मुक्त कार्यक्रम पुरेसा आहे. क्रोएशियाचे हर्वोये निकशिच यांनी तो १९९६ मध्ये लिहिला. त्याच्या आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले होते. टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या त्या संथ काळात जोडणी तुटणे नित्याचेच होते. म्हणून तुटल्या जागेपासून पुढे जाण्याची सोय या कार्यक्रमात आहे.

कृती अशी. प्रथम साध्या मजकुराची एक फाइल तयार करून तिला ‘यादी’ असे नाव द्यावे. तीत प्रत्येक खंडाचा पूर्ण पत्ता स्वतंत्र ओळीवर लिहावा; जो आधी हवा तो वर. नंतर टर्मिनल उघडून पुढील आज्ञा द्यावी :

डब्ल्यूगेट -बी -सी -आय यादी

टंकलेखन अर्थातच रोमन लिपीतील लहान अक्षरांत करावे, आणि यादीच्या फाइलचे नावही रोमन लिपीत ठेवावे. ‘आय’ म्हणजे पत्ते या यादीतून घे. ते क्रमाने, एकामागून एक घेतले जातात. ‘सी’ म्हणजे अर्धवट फाइल जेथे थांबली तेथून पुढे चालू ठेव. ‘बी’ म्हणजे हे काम पार्श्वभूमीत कर. टर्मिनल बंद केले तरी काम थांबत नाही. दिवसा इतरांना इंटरनेट हवे असेल, तर ‘लिमिट-रेट’ या पर्यायाने गतीला मर्यादा घालता येते.

पार्श्वभूमीतील काम डोळ्यांस दिसत नाही. म्हणून त्याची नोंदवही पाहावी. ‘डब्ल्यूगेट-लॉग’ नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक खंडाची प्रगती लिहिली जाते. ‘टेल -एफ’ या आज्ञेपुढे तिचे नाव दिले की नवी नोंद उमटताना दिसते.

दोन सावधगिऱ्या आवश्यक आहेत. संगणक झोपी गेला किंवा वीज गेली, तर काम थांबते. पुन्हा सुरू झाल्यावर तीच आज्ञा त्याच ठिकाणाहून द्यावी. पूर्ण झालेले खंड वगळले जातात आणि अर्धवट खंड पुढे सरकतो. मात्र समोरच्या सर्व्हरने अशी सोय ठेवलेली असावी लागते. आणि दरम्यान मूळ फाइलच बदलली असेल, तर जोडलेली फाइल बिघडते. म्हणून प्रत्येक खंड उघडून त्याचे शेवटचे पान पाहिल्यावाचून काम झाले असे समजू नये. त्या सकाळी मी हेच केले नव्हते.

पुढच्या वेळी यादी लावली. जोडणी मध्ये तुटली, आज्ञा पुन्हा दिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सर्व खंड आले. शेवटची पाने तपासूनच ते वाचनालयात नेले. त्या मुलीने पहिला खंड उघडला आणि काही न बोलता वाचायला बसली.

आपापल्या वस्तीत, विहारात वा अभ्यासिकेत एखादा जुना संगणक पडून असेल, तर त्यावर अशी एक यादी लावून पाहावी. इंटरनेट मंद असले तरी चालेल; रांग मोडू नये, एवढेच.