जीवाची पारख

जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी निरूपिले. ‘स्त्री’ किंवा ‘अमुक जात’ असा पाचवा पदार्थ त्यांत नाही. देह प्रपंचात मोडतो. ज्ञानाचा अधिकारी जीव होय, आणि प्रत्येक जीवाची योग्यता निराळी.

लीळाचरित्रात याचा प्रत्यय येतो. महदाइसा जिज्ञासू, त्या वारंवार पुसत आणि सर्वज्ञ उत्तर देत. बाइसांचा ओढा सेवेकडे. दोघीही स्त्रियाच, तरी म्हाइंभटांनी त्यांना एका साच्यात घातले नाही. पुढे नागदेवाचार्यांनीही संस्कृताचा आग्रह नाकारून मराठी राखली, ती वृद्ध बायका ज्ञानाला मुकू नयेत म्हणून.

समूहाचे नाव किती अपुरे पडते, याची साक्ष साखरखेर्ड्याची भूमीही देते. १७२४ मध्ये येथे निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांचे युद्ध झाले व मुबारिजखान मारला गेला. दोघेही मुसलमान, दोघेही मोगल बादशाहीचे सरदार. केवळ धर्मावरून माणूस ओळखू पाहणाऱ्यास हे युद्ध उमगणारच नाही.

‘बायकांना शास्त्र काय कळणार’ असे म्हणून वासनिक बाईचा प्रश्न टाळणारा महदाइसांचीच वाट अडवितो. ‘बायका भाविकच असतात’ ही स्तुतीही पारख नव्हे. तीतही समोरची बाई दिसत नाहीच. तो जीव काय पुसतो, हे साधकाने आधी ऐकावे. योग्यतेचा विचार त्यानंतर.