डब्यावरचा वेग आणि सागाची पानं

मेश नेटवर्क उभारायला निघालेली माणसं पहिला प्रश्न विचारतात तो वेगाचा. डब्यावर हजार-बाराशे एमबीपीएस असं ठसठशीत छापलेलं असतं आणि खरेदी त्या आकड्याकडे बघून उरकते. जव्हार-मोखाड्याच्या पट्ट्यातल्या काही पाड्यांच्या जाळ्याची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा तिथंही तेच झालेलं होतं. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची फायबर पोचलेली. तिथून आश्रमशाळा, आरोग्य उपकेंद्र आणि उतारावरचे पाडे बिनतारी जोडायचे. पुरवठादारानं सगळीकडे एकाच जातीची यंत्रं बसवली होती. प्रत्येकात एकच रेडिओ, चहूकडे पसरणारा अँटेना आणि ‘ही एकमेकांना आपोआप शोधतात’ असं आश्वासन. शोधत होती, हे खरं. पण संध्याकाळी शेवटच्या पाड्यावर साधा फोटोही जात नव्हता.

यात यंत्राचा काही दोष नाही. एकच रेडिओ एका वेळी एकतर ऐकतो, नाहीतर बोलतो. शेजाऱ्याकडून आलेला डेटा त्याच चॅनेलवर पुढे ढकलायचा म्हणजे हवेतला वेळ दुसऱ्यांदा खर्च होतो. दुसऱ्या टप्प्यावर वेग निम्मा, तिसऱ्यावर एक-तृतीयांश, आणि तोही सगळं सुरळीत असेल तर. डोंगराच्या दोन बाजूंचे पाडे एकमेकांना ऐकू शकत नाहीत. दोघंही मधल्या खांबाशी एकाच वेळी बोलायला लागतात आणि दोघांचंही वाया जातं.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की बॅकबोनला मेशचं काम सांगू नका. मुख्य दुवे समोरासमोर नेम धरलेल्या डिश अँटेनांचे करा आणि प्रत्येक दुव्याला स्वतंत्र रेडिओ, स्वतंत्र चॅनेल द्या. मेश हवा तर पाड्याच्या आत, घराघरांत ठेवा. बर्लिनच्या फ्रायफुंक या लोकांनीच चालवलेल्या बिनतारी जाळ्याच्या मंडळींनी बॅटमॅन नावाचा मेश प्रोटोकॉल घडवला. तरी त्यांचाही बॅकबोन चर्चचे मनोरे आणि उंच इमारतींवरून रोखलेल्या दुव्यांवर उभा आहे.

आता पट्टा कोणता? २.४ गिगाहर्ट्झवर घरोघरचे राउटर, ब्लूटूथ अशी सगळ्यांचीच गर्दी असते, आणि एकमेकांवर न चढणारी चॅनेल फक्त तीन. ६० गिगाहर्ट्झची यंत्रं वेगानं डोळे दिपवतात. पण त्या लहरी हवेतला ऑक्सिजनच गिळतो, किलोमीटरला सुमारे १५ डेसिबल. वर तासाला १०० मिलीमीटरची सर आली की आणखी ३० एक डेसिबल. शहरात दोन गच्च्यांमध्ये ती ठीक, घाटाखालच्या आषाढात नाही. लोरा दूरवर पोचतो, पण त्यावरून विहिरीच्या पाण्याची पातळी कळवता येईल, वर्ग भरवता येणार नाही. टीव्हीच्या मोकळ्या पट्ट्यातल्या लहरी झाडीतून बऱ्या जातात. पालघर जिल्ह्यातच आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पानं ४७० ते ५९० मेगाहर्ट्झवर तसा प्रयोग केला होता. मात्र तो प्रायोगिक परवान्यावर. आपल्याला तो पट्टा असा वापरता येत नाही.

राहतो ५.८ गिगाहर्ट्झ. ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेनं ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झचा पट्टा घराबाहेरही परवानामुक्त झाला. अँटेनाची वाढ धरून चार वॅटपर्यंत मुभा आहे. मुसळधार पावसाचाही या लहरींना किलोमीटरमागे डेसिबलभरच फटका बसतो. आम्ही हाच निवडला आणि तीन किलोमीटरवरचा दुवा जोखायला एप्रिलच्या उन्हात आश्रमशाळेच्या गच्चीवर चढलो. समोरचा पाडा दुर्बिणीशिवाय दिसत होता.

शाळेतले शिपाईकाका म्हणाले, “ताई, आता बघून काय उपयोग? साग पालवला की तो पाडा दिसायचा नाही.”

पुस्तकात हे इतकं नेमकं कुणी लिहीत नाही. साग उन्हाळ्यात निष्पर्ण असतो आणि पावसाच्या तोंडावर पालवतो. सुपाएवढी पानं, त्यावर पाणी. ५.८ गिगाहर्ट्झला अशा एका डेरेदार झाडामागे दहा-वीस डेसिबल सहज गमवावे लागतात. मोकळ्या हवेत आमचा हिशेब उणे ५८ डीबीएमच्या आसपास येत होता. त्यातून वीस गेले की दुवा जेमतेम जिवंत राहतो. शिवाय नुसतं समोरचं दिसणंही पुरत नाही. दृष्टिरेषेभोवतीचा जो फुगीर पट्टा लहरींना लागतो त्याला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात; तीन किलोमीटरच्या दुव्याला मध्यावर त्याची त्रिज्या सहा मीटर भरते आणि त्यातलं निदान साठ टक्के मोकळं लागतं. म्हणजे झाडाचा शेंडा दृष्टिरेषेच्या जवळजवळ चार मीटर खाली हवा, आणि झाड तर दरवर्षी वाढणार. म्हणून पाहणी भाद्रपदात करा. ते जमत नसेल तर गावातल्या जाणत्या माणसाला विचारा, आणि खांबाची उंची त्याच्या सांगण्यावरून ठरवा. आम्ही गच्ची सोडून बाजूच्या टेकाडावर खांब रोवला. केबल आणि बॅटरीचा खर्च वाढला, पण झाडं तोडायचा विषय निघाला नाही.

शक्ती वाढवून अडचण सुटेल असं वाटतं, तसं होत नाही. ओरडण्यापेक्षा कान मोठा केलेला बरा: प्रक्षेपणाला कायद्याची मर्यादा आहे, ऐकण्याला नाही. मोठी डिश दोन्ही टोकांना लावा. चॅनेलची रुंदी ८० वरून २० मेगाहर्ट्झवर आणा. वेगाचा कमाल आकडा घटतो, पण गोंगाट सहा डेसिबलनं कमी होतो. आणि सेटिंगमध्ये अंतर भरायला विसरू नका. तीन किलोमीटर जाऊन यायला लहरीला वीस मायक्रोसेकंद लागतात. घरगुती मापावर राहिलेला रेडिओ तेवढा थांबत नाही; पोच येण्याआधीच पुन्हा पाठवत सुटतो.

वीज आणि वीज, दोन्हींचा बंदोबस्त हवा. लाइट रात्रभर जाते म्हणून बॅटरी, आणि आकाशातली पडते म्हणून अर्थिंग. सर्ज प्रोटेक्टर दोन्ही टोकांना लावा. केबल यंत्रात शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळातून गळतं, आत शिरत नाही.

दुवा लागला की त्याच दिवशी दोन्ही टोकांचे सिग्नलचे आकडे वहीत लिहून ठेवा. पुढे कधी एखादा आकडा चार-पाच डेसिबलनं घसरला तर नवीन यंत्र मागवण्याआधी कुणाला तरी खांबावर चढवा. बहुतेक वेळा कनेक्टरमध्ये पाणी असतं, नाहीतर वाऱ्यानं डिश बोटभर फिरलेली असते.