तलाव एक, संबंध अनेक

समाजव्यवस्था गुंतागुंतीची असते, असे आपण सहज म्हणतो. पण गुंतागुंत म्हणजे नेमके काय आणि ती मोजावयाची कशी? आरमोरी परिसरातील धानशेतीला आधार देणाऱ्या माजी मालगुजारी तलावांकडे पाहिल्यास हा प्रश्न सुलभ होतो.

घटक आणि संबंध

तलावाच्या पाण्यावर शेतकऱ्यांचे धान पिकते, ढिवर बांधव मासेमारी करतात, गुराख्यांची जनावरे तहान भागवितात. त्यांच्या जोडीला ग्रामपंचायत, पाटबंधारे यंत्रणा आणि वन विभाग. असे सहा घटक धरले, तर दोघादोघांतील संभाव्य संबंध १५ होतात. सातवा घटक आला, की ते २१ होतात. घटक एकाने वाढतो; संबंध मात्र सहांनी वाढतात.

ही झाली संभाव्य संबंधांची मोजणी. अमेरिकन विचारवंत हर्बर्ट सायमन यांनी १९६२ मध्ये गुंतागुंतीचे विवेचन करताना घटकांच्या संख्येबरोबरच त्यांच्या परस्परक्रियांवर भर दिला. म्हणून दुसरे माप असे : एकाच्या निर्णयाचा परिणाम किती जणांपर्यंत पोहोचतो? धानाच्या शेवटच्या पाण्यासाठी तलाव रिता केला, तर पीक वाचते. पण मासळी जाते आणि उन्हाळ्यात गुरांचे पाणीही आटते.

तुटलेले धागे

१९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि १९५१ मध्ये तलाव शासनाकडे आले. जुनी मक्तेदारी गेली, हे योग्यच झाले. मात्र पाळीची डागडुजी, गाळ काढणे व पाणीवाटप यांना बांधणारे धागेही अनेक ठिकाणी तुटले. नोंदवहीत तलाव राहिले. साठा मात्र गाळाने घटत गेला. केवळ तलाव मोजणाऱ्यास ही हानी दिसत नाही.

ग्रामसभेचे काम

नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेतही व्यवस्थेच्या तोडीची विविधता हवी, असा सिद्धान्त ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉस ॲश्बी यांनी १९५६ मध्ये मांडला. अनेकांच्या तलावाचा कारभार एकाच खात्याच्या टेबलावरून पेलत नाही, तो यामुळेच. १९९६ च्या पेसा कायद्यात अनुसूचित क्षेत्रांतील लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याची तरतूद आहे, तिचे महत्त्व येथे कळते.

शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी आपल्या गावच्या तलावाचा असा नकाशा फळ्यावर काढून पाहावा. प्रत्येक घटकासाठी एक बिंदू, प्रत्यक्ष चालू असलेल्या संबंधासाठी एक रेघ. जेथे रेघ असावयास हवी, पण नाही, तेथूनच ग्रामसभेच्या चर्चेला आरंभ करावा.