मातीचा मूक मजूर : घरगुती गांडूळपालनाचा एक पाठ

स्मरणिकेसाठी विज्ञानावर एखादा लेख लिहावा, असा निरोप आला तेव्हा कोणता विषय घ्यावा, याचा फार विचार करावा लागला नाही. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागे गांडुळांच्या पेट्या ठेवून दर वर्षी जो पाठ आम्ही घेत आलो, तोच येथे मांडतो. पुष्कळ माजी विद्यार्थी भेटले की विचारतात, “सर, ती पेटी पुन्हा घरी करायची आहे, रीत सांगा.” त्यांच्यासाठी रीत, पालकांसाठी त्यामागचे शास्त्र आणि सर्वांसाठी एक जुना प्रश्न, असा या लेखाचा क्रम आहे.

पहिली पेटी कशी फसली

आरंभी स्वतःची चूक सांगतो. आमची पहिली पेटी एका रात्रीत संपली. गोठ्यातून त्या दिवशीचे ओले शेण आणले, पेटी काठोकाठ भरली, वर गांडुळे सोडली आणि पेटी पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. सकाळी पाहतो तो गांडुळे पेटीच्या कडांवर चढून मरून पडलेली. मुले गप्प उभी होती. ताजे शेण कुजू लागले की तापते, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पण त्या उन्हाचा जीवावर काय परिणाम होतो, हे हात घातल्यावर कळले. तेव्हापासून आमचा पहिला नियम ठरला : शेण पंधरा ते वीस दिवस सावलीत पसरून, अधूनमधून पाणी शिंपून निववावे; हात खोल घातला असता ऊब लागली नाही, तरच ते वापरावे.

गांडुळाची ओळख

गांडुळाला डोळे नाहीत, फुप्फुसे नाहीत. ते ओल्या कातडीतून श्वास घेते, म्हणून कातडी वाळली की ते गुदमरते. उजेड मात्र त्याला जाणवतो व तो त्याला नकोसा असतो. प्रत्येक गांडुळात नर व मादी ही दोन्ही अंगे असतात. तरी बहुतेक जातींत प्रजननासाठी दोन गांडुळांची जोडी लागते. वयात आलेल्या गांडुळाच्या अंगावर एक फुगीर पट्टा दिसतो. या पट्ट्यातूनच मोहरीपेक्षा थोडी मोठी, लिंबाच्या आकाराची अंडकोशिका तयार होते. एक गैरसमज येथेच दूर करावा : गांडूळ मधोमध तोडले तर त्याची दोन गांडुळे होत नाहीत. तोंडाकडचा भाग कधी जगतो व शेपूट पुन्हा वाढवतो. दुसरा भाग बहुधा मरतो.

या जीवाचे काम जगापुढे नीट मांडले ते चार्ल्स डार्विन यांनी. १८३७ साली त्यांनी या विषयावर पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, गांडुळांवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकरातील दहा टनांहून अधिक माती दरवर्षी गांडुळांच्या पोटातून जाते, असा त्यांचा हिशेब होता. गांडुळांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी त्यांनी घरात पियानो वाजवून पाहिला. आवाजाने गांडुळे हलली नाहीत. पण त्यांची कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवताच ती बिळात शिरली. आवाज त्यांना कळत नाही, कंप कळतो. आमची मुले हा प्रयोग स्टीलच्या डब्यावर बोटे वाजवून करीत.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार शेतकऱ्यांच्या अंगणापर्यंत पोहोचवण्याचे श्रेय अनेकांचे आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवारा’च्या माध्यमातून घरचा पालापाचोळा व उष्टे-खरकटे यांपासून माती घडवण्याचे धडे दिले, पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळांवरील संशोधनाला वाहिलेली संस्था उभी केली.

कोणते गांडूळ निवडावे

गांडुळांचे राहणीवरून तीन गट पडतात : पालापाचोळ्यात पृष्ठभागी राहणारी, मातीच्या वरच्या थरात आडवी बिळे करणारी, आणि खोल उभी बिळे करणारी. शेत नांगरताना दिसणारी गांडुळे बहुधा मागच्या दोन गटांतली असतात. ती मातीसाठी मोलाची खरी, पण पेटीत टिकत नाहीत. पेटीसाठी पहिल्या गटातली लागतात. त्यांपैकी तीन जाती आपल्याकडे सहज मिळतात.

‘आयसेनिया फेटिडा’ हे तांबडे, पट्टेरी गांडूळ थंडी व उष्णता दोन्ही बऱ्यापैकी सोसते. नवशिक्याने हेच घ्यावे. ‘युड्रिलस युजेनी’ हे आफ्रिकी गांडूळ आकाराने मोठे, झपाट्याने खाणारे. पण त्याला थंडी मानवत नाही, आणि नाशिक-निफाड भागातली पौष-माघातली रात्र त्याच्यासाठी कठीण असते. ‘पेरिओनिक्स एक्स्कॅव्हेटस’ ही आपल्या उष्ण प्रदेशातली जात. ती चपळ असून पाऊस पडू लागला की पेटीबाहेर पळते.

पेटीची रीत

आपल्या भागात टोमॅटो व द्राक्षे भरण्याचे प्लास्टिकचे क्रेट घरोघरी असतात. एका क्रेटचा तळ साधारण दोन चौरस फूट भरतो. पाच माणसांच्या घराने दोन क्रेटवर सुरुवात करावी.

१. क्रेटला आतून गोणपाट लावावे. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा उसाचे पाचट यांचा तीन बोटे जाडीचा थर द्यावा. जादा पाणी त्यातून निथळते.

२. त्यावर निवलेले शेण व सुका पाला समप्रमाणात मिसळून वीतभर थर करावा. पाणी शिंपडावे. मूठभर मिश्रण घट्ट पिळले असता एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर ओल जास्त, एकही थेंब नाही तर कमी.

३. दोन्ही क्रेट मिळून अर्धा किलो गांडुळे सोडावीत. ती वर पसरली की आपोआप खाली उतरतात. वर ओले गोणपाट झाकावे.

४. क्रेट सावलीत, विटांवर ठेवावेत. विटा पाणी भरलेल्या ताटल्यांत ठेवल्या तर मुंग्या चढत नाहीत. कोंबडी, उंदीर व पाली यांच्यासाठी वर जाळी बसवावी.

गांडूळ अनुकूल स्थितीत रोज आपल्या वजनाच्या सुमारे निम्मे खाते. म्हणजे अर्धा किलो गांडुळांना रोज पाव किलो खाद्य पुरते. पहिल्या पंधरवड्यात तर त्याच्याही निम्मेच द्यावे. आधीचे संपल्याशिवाय नवे घालू नये. पेटीला आंबूस वास आला, तर आपण जास्त भरवतो आहोत, असे समजावे. खाद्य थांबवावे, सुका पाला मिसळावा, हाताने हलके उकरून हवा खेळती करावी.

काय घालावे, काय टाळावे

भाज्यांची देठे, केळीची साल, चहाचा धुतलेला चोथा, शिळ्या भाकरीचा चुरा, अंड्याच्या टरफलांची पूड हे सारे चालते. मीठ, तेल, लोणचे, मटण-मासळीचे उरलेले, लिंबाच्या साली यांना पेटीत जागा नाही. कांद्याच्या साली थोड्याच घालाव्यात.

आपल्या परिसरापुरत्या दोन सूचना विशेष आहेत. पहिली द्राक्षबागेविषयी. ऑक्टोबरच्या व एप्रिलच्या छाटणीनंतर पाल्याचे ढीग बांधावर पडलेले असतात, आणि तो फुकट मिळतो म्हणून आणण्याचा मोह होतो. पण बागेवर बोर्डो मिश्रण फवारलेले असते. त्यातले तांबे गांडुळाला विषासमान आहे. हा पाला पेटीत घालू नये. दुसरी सूचना राखेविषयी. एकलहरे येथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे कोळशाची राख आपल्याला परकी नाही, आणि ‘राख शेतीला चांगली’ असे कुणीतरी सांगतच असते. कोळशाच्या राखेत जड धातूंचे अंश असतात. गांडूळ असे काही धातू आपल्या शरीरात साठवते. ते पुढे कोंबडी वा मासा खाईल, आणि शेवटी आपले ताट आहेच. म्हणून ती राख पेटीपासून दूर ठेवावी.

खताची काढणी

अडीच-तीन महिन्यांत मिश्रण काळे, भुसभुशीत, चहाच्या पुडीसारखे होते व पहिल्या पावसातल्या मातीचा वास देते. मग तीन-चार दिवस पाणी थांबवावे आणि उजेडात, पण उन्हात नव्हे, कागदावर त्याचा शंकूसारखा ढीग करावा. उजेड टाळण्यासाठी गांडुळे खाली जातात. वरचे खत हलक्या हाताने काढून घ्यावे. अर्ध्या तासाने पुन्हा वरचा थर काढावा. शेवटी तळाला गांडुळांचा गोळा उरतो. तो नव्या पेटीत सोडावा. चाळणीत राहिलेल्या भरड भागात अंडकोशिका असतात, तोही पेटीतच परत घालावा. साधारण तीन आठवड्यांत त्यांतून पिले निघतात व आणखी दीड-दोन महिन्यांत वयात येतात.

या खतात नत्र साधारण एक ते दोन टक्केच असते. तेव्हा ते रासायनिक खताच्या गोणीशी तोलू नये. त्याचा मोठा गुण माती मोकळी करणे व ओल धरून ठेवणे हा आहे. कुंडीला महिन्याकाठी दोन मुठी पुरतात.

येथे मला कर्मवीर दादासाहेब गायकवाड आठवतात. याच जिल्ह्यातल्या या माणसाने भूमिहीनांच्या हक्कासाठी १९५९ आणि १९६४ साली सत्याग्रह उभे केले. आपल्या अनेक विद्यार्थ्यांच्या घरी आजही सातबारा नाही. दोन क्रेट त्या अन्यायाची भरपाई करू शकत नाहीत. पण ज्या आईजवळ जमिनीचा तुकडा नाही, तीही दारातल्या डब्यांत स्वतः घडवलेल्या मातीत मेथी, मिरची, टोमॅटो पिकवते, हे मी आमच्या पालकांच्या घरी पाहिले आहे.

गळाचे आमिष

गांडूळ हे मासेमारीचे जुने आमिष आहे. गोदावरी-दारणेच्या काठी गळ टाकणारे लोक मरळ व वाम यांच्यासाठी गांडूळच लावतात. त्यासाठी काठावरची ओलसर माती उकरली जाते. त्यात काठ ढासळतो आणि मातीचे गांडूळधनही जाते. घरच्या पेटीत गांडुळे असतील तर हे टळते. गळाला मोठे गांडूळ सोयीचे, म्हणून युड्रिलसला मागणी असते. फेटिडा दाबले असता पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडते. नेताना छिद्रे पाडलेल्या डब्यात ओला पाला घालून, सावलीत न्यावीत.

उरलेली गांडुळे मात्र नदीकाठी किंवा रानात सोडू नयेत. उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगामुळे मूळची गांडुळे उरलीच नव्हती. तेथे गळ टाकणाऱ्यांनी उरलेले परदेशी आमिष तळ्याकाठी फेकले, आणि त्या गांडुळांनी जंगलातील पाल्याचा थर खाऊन झाडांच्या रोपांची व रानफुलांची वाढ बिघडवली. परकी जात घरी परत आणावी, हाच धडा.

एका मुलाचा प्रश्न

हा पाठ चालू असताना सहावीतल्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील नदीवर मासे धरून घर चालवत. तो म्हणाला, “सर, सकाळी वंदनेत आपण ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणतो. मग माझे बाबा पाप करतात का?”

वर्गात शांतता पसरली. मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी दिले. प्रथम त्यांना अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’च्या पाचव्या सर्गातील प्रसंग सांगितला. नांगरलेल्या जमिनीत मरून पडलेले कृमी-कीटक पाहून राजपुत्र सिद्धार्थाचे मन विषण्ण होते; तो घोड्यावरून उतरतो आणि जांभळीच्या झाडाखाली ध्यानस्थ बसतो. ज्या कृमीकडे कुणी पाहत नाही, त्याच्या मरणाने करुणा जागी झाली. मग बाबासाहेबांचा विचार सांगितला. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे, व अहिंसा हे आंधळेपणाने पाळण्याच्या नियमाऐवजी विवेकाने आचरण्याचे तत्त्व मानले आहे. “तुझे बाबा तुमच्या पोटासाठी नदीवर जातात. त्यांच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार मला नाही, तुला तर मुळीच नाही,” एवढे मी त्याला म्हणालो.

पण शाळेपुरता निर्णय मुलांनीच घेतला : पेटीतली गांडुळे आमिष म्हणून विकायची नाहीत. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार येतो, हे त्यांनीच वाचून काढले. कुणी तरी सुचवले की रोहू-कटला कणकेच्या गोळ्यालाही येतात. तो मुलगा सुटीत घरी गेला व परतल्यावर सांगू लागला, “बाबा म्हणाले, मोठ्या माशाला कणीक लावतो, पण वामीला गांडूळच लागते.” आम्ही सारे हसलो. प्रश्न पूर्ण सुटला नाही, आणि तो सुटला असे भासवणे मला प्रामाणिकपणाचे वाटले नाही.

समारोप

वाचकहो, पेटी करावयाची असेल तर पावसाळ्याच्या अखेरीस करावी. हवा थंडावलेली असते, पाला मुबलक असतो. पहिली पेटी फसली तरी खंत करू नये, मात्र कशामुळे फसली ते वहीत लिहून ठेवावे. आमच्या वसतिगृहाच्या वहीचे पहिले पान अजून तसेच आहे. त्यावर एका मुलाच्या अक्षरात एकच ओळ आहे : “शेण गरम होते. चूक आपली.”