घरच्या स्टिरिओसाठी स्पीकर निवडताना

(बी. ए. तृतीय वर्ष)

ध्वनी हा पदार्थविज्ञानाचा विषय. कला शाखेच्या विद्यार्थ्याने त्यावर का लिहावे, असे कोणी विचारील. परंतु संगीत ऐकणे ही कलाच आहे, आणि ते ज्या साधनातून ऐकायचे त्याचा विचार रसिकाला टाळता येत नाही. संत जनाबाईंच्या आपल्या गंगाखेडात अभंग रोज कानावर पडतो; पण तो बहुधा देवळावरच्या कर्ण्यातून. कर्णा शब्द दूरवर पोचवण्यासाठी असतो. खर्जाचा भरीवपणा आणि तंबोऱ्याच्या जवारीचा झंकार त्यातून येत नाही. घरातल्या ऐकण्याची गरज वेगळी आहे.

आमच्या घरी हा प्रश्न यंदा उभा राहिला. आजोबा ऐंशीच्या घरात आहेत. पायी वारी थांबली. भीमसेन जोशींची संतवाणी ऐकणे एवढाच विरंगुळा उरला. "चाल कळते रे, शब्द कळत नाहीत," असे ते म्हणतात. कापसाच्या पैशांतून चांगले स्पीकर आणावेत असे ठरले. काकांचे म्हणणे, आणायचेच तर पुरुषभर उंचीचे, सर्वांत भारी आणा. हा पैसा पुन्हा पुन्हा हाती येणारा नाही. म्हणून घेण्यापूर्वी मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. त्याचे सार पुढे देत आहे.

खोली

स्पीकरइतकीच खोलीही वाजत असते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लहर नेमकी बसते, तो स्वर खोलीत घुमतो. आमची खोली १० बाय १२ फुटांची. हिशेब केला तर सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झचे स्वर तिच्यात फुगतात. मोठा स्पीकर नेमके हेच खालचे स्वर जोराने काढतो. म्हणजे लहान खोलीत मोठी पेटी ठेवली की डग्ग्याचा घुमारा गाण्यावर चढून बसतो. पेटी कोपऱ्यात ढकलली तर तो आणखी वाढतो.

शिवाय आपल्याकडे शहाबादी फरशी आणि उघड्या भिंती. त्यांवरून वरचे स्वर परततात व आवाज कर्कश होतो. त्यावर सतरंजी, जाड पडदा, पुस्तकांचे कपाट, भिंतीला टांगलेली वाकळ हे स्वस्त उपाय आहेत. मात्र वाकळीने खालचा घुमारा जात नाही; त्यासाठी पेटी भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे घ्यावी.

ॲम्प्लिफायरशी जोड

पेटीच्या माहितीपत्रकात दोन आकडे अवश्य पाहावेत. पहिला संवेदनशीलतेचा : एक वॉट दिला असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. वॉट दुप्पट केले तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. दोन मीटरवर बसून ९५ डेसिबलचे क्षणिक शिखर गाठायचे, तर खोलीची मदत न धरता ८६ डेसिबलच्या पेटीला सुमारे ३२ वॉट लागतात, ९२ च्या पेटीला अवघे ८. तेव्हा "किती वॉटचा?" हा दुकानातला नेहमीचा प्रश्न अपुरा आहे.

दुसरा आकडा ओहमचा. ८ ऐवजी ४ ओहमची पेटी जोडली की तेवढ्याच व्होल्टेजवर ॲम्प्लिफायरला दुप्पट प्रवाह द्यावा लागतो आणि तो अधिक तापतो. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते. साध्या ॲम्प्लिफायरला ८ ओहमची जोडी बरी.

लहान पेटी म्हणजे हलकी, असेही नाही. ब्रिटनच्या बीबीसीने १९७० च्या दशकात ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी एल. एस. ३/५ ए ही जेमतेम फूटभर उंचीची पेटी तयार केली. मानवी आवाजाच्या स्पष्टतेसाठी ती आजही नावाजली जाते. मात्र तिची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, म्हणून तिला ताकदीचा ॲम्प्लिफायर लागतो.

कान

वाढत्या वयात प्रथम वरचे स्वर ऐकू येईनासे होतात. स्वरांचे बळ खालच्या पट्टीत असते. स, श, त, क या व्यंजनांची ओळख मात्र मुख्यतः २००० हर्ट्झच्या वर असते. म्हणून वृद्धांना चाल कळते, शब्द निसटतात. त्यातच खालचा आवाज फार झाला तर तो वरच्या नाजूक ध्वनींना झाकतो. म्हणजे आजोबांसाठी काकांचे मोठे स्पीकर आणले असते, तर शब्द आणखी हरवले असते.

ऐकून पारख

दुकानात आपल्या नित्य परिचयाचे गाणे न्यावे. दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा, कारण जी मोठ्याने वाजते तीच आपल्याला चांगली वाटते. तंबोऱ्याच्या तारा वेगळ्या कळतात का, तबल्याचा 'ना' आणि डग्ग्याचा 'घे' आपापल्या जागी राहतात का, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक अक्षर कळते का, हे पाहावे. शक्य तर विकत घेण्यापूर्वी घरी लावून ऐकावे. दोन पेट्या व श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि वरचे स्वर देणारा छोटा ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा.

या विचाराने मी घरात मत मांडले : सहा इंची वूफरची, ८ ओहमची, ८८-८९ डेसिबलची मध्यम जोडी घ्यावी, उरलेल्या पैशांतून आधी आजोबांचे कान परभणीला तपासून घ्यावेत, कारण बधिर झालेल्या कानाचे काम कोणताही स्पीकर करू शकत नाही. काकांनी बराच वाद घातला, पण अखेर मान्य केले.

मिरवणुकीत छातीवर आदळणाऱ्या भिंतीएवढ्या स्पीकरांमुळे मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, अशी आपली समजूत होत चालली आहे. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या नियमांनी घालून दिली आहे. घरच्या खोलीत अभंगाचा शब्द न् शब्द कळण्यासाठी त्याहून फार मोठा आवाज लागत नाही. खोली, यंत्र आणि ऐकणाऱ्याचा कान या तिन्हींना जो मानवेल तोच स्पीकर उत्तम, मग त्याची किंमत काहीही असो.