चेटकीण, सांगाडे आणि स्नॅप

कॉमिक्स म्हणजे टिंकल आणि चाचा चौधरी, ते शाळेतच संपलं, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. म्हणून मित्रमैत्रिणींनो, या वेळी ‘ग्राफिक नॉव्हेल’ कसं वाचायचं ते एका पुस्तकावरून सांगते. पुस्तक अमेरिकन, 2020 सालचं. नाव ‘स्नॅपड्रॅगन’, कथा आणि चित्रं दोन्ही कॅट ले हिची.

स्नॅप ही आईबरोबर राहणारी शाळकरी मुलगी. धीट, जराशी भांडखोर, फारशा मैत्रिणी नाहीत. गावात एक चेटकीण आहे, ती मेलेली जनावरं खाते, अशी बोलवा असते. स्नॅपचा कुत्रा हरवतो तेव्हा ही बया सरळ त्या चेटकिणीच्या घरात घुसते! तिथे निघते जॅक्स नावाची एकटी म्हातारी. कुत्र्याला मलमपट्टी तिनेच केलेली. गाडीखाली मेलेले प्राणी ती उचलून आणते खरं, पण खायला नाही. हाडं साफ करून ती सांगाडे जोडते आणि इंटरनेटवर विकते. पुढे स्नॅप तिच्याकडे हेच काम शिकते.

हा भाग मला जाम आवडला. आपण मशीन ड्रॉईंगमध्ये असेंब्ली काढतो, तसंच हे. खऱ्या जगातही असे सांगाडे करतात. प्राणी काही महिने मातीत पुरला की किडे मांस खाऊन टाकतात. मग हाडं हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरी करायची; ब्लीच वापरलं तर ती ठिसूळ होतात. शेवटी तारेने जोडायची.

आता वाचायचं कसं? दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीला ‘गटर’ म्हणतात (हसू नका!). स्कॉट मॅक्लाउडने 1993 च्या पुस्तकात दाखवलंय की त्या पट्टीत काय घडलं ते वाचक स्वतःच मनात भरतो. गावानेही जॅक्सचं तेच केलं. एकटी बाई दिसली, मेलेला प्राणी दिसला, मधलं सगळं लोकांनी भरलं. आपल्याकडे एखादीवर करणीचा आळ घेणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, तो उगाच नाही.

स्नॅपच्या मित्राचं, लूचं, प्रकरण तर अजूनच सुंदर. मुलगा म्हणून वाढलेला लू पुढे ‘लुलू’ होते, आणि स्नॅप त्याचा जराही बाऊ करत नाही. पुन्हा वाचाल तेव्हा लूची चित्रं पहिल्या पानापासून नीट बघा. कपडे, उभं राहणं, चेहरा. शब्दांत सांगायच्या कितीतरी आधी ते तिथे काढलेलं आहे.

जॅक्सला जादू येते की नाही, ते मात्र मी सांगणार नाही.